बाळासाहेबांचं रडणं

बाळासाहेब औटींना रडता येत नाही, हे जुन्नरात सगळ्यांना माहीत आहे. फक्त बाळासाहेबांना माहीत नाही. बाजारपेठेत त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, ते आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष आहेत आणि वाचनालयाच्या वर्धापनदिनी जे नाटक होतं त्यात बापाचं काम दर वर्षी तेच करतात. 'तुम्हाला हे जमत नाही' असं अध्यक्षांना सांगायची सोय वाचनालयाच्या घटनेत नाही. मी घटना दोनदा वाचली आहे.

गेल्या वर्षीच्या नाटकात त्यांचा तरुण मुलगा वारला होता. बातमी कानावर पडताच बाळासाहेबांनी एक हात छातीवर ठेवला, दुसरा कपाळावर मारला, तोंड पंख्याकडं केलं आणि "नाही! हे शक्य नाही!" असं ते तीन वेळा ओरडले. पहिल्या दोन वेळा लोकांनी सोसलं. तिसऱ्या वेळी मागच्या रांगेतून कुणीतरी काळजीच्या सुरात म्हणालं, "पित्त झालंय, बाळासाहेब. सोडा प्या." सगळा हॉल फुटला. चादरीखालचा मुलगासुद्धा गदागदा हलायला लागला, आणि मेलेला माणूस हसतोय हे दिसल्यावर लोकांना आणखीच चेव आला.

दिग्दर्शक मी होतो. मी भगवंत ताजणे, शाळेत भूगोल शिकवतो.

यंदाच्या सभेत बाळासाहेब म्हणाले, "नाटकच करायचं. पण यंदा लोक हसले, तर पुढच्या वर्षीपासून ऑर्केस्ट्रा." असं म्हणून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. सगळ्या सभेनं माझ्याकडं पाहिलं. छातीवर हात त्यांनी ठेवला होता, पण ठपका माझ्यावर बसला. आमच्या घरात तीन पिढ्या नाटकं झाली. माझ्या हातून वाचनालयाचं नाटक बंद पडून तिथं गाणारी बाई आणि की-बोर्ड येणार, या विचारानं मला आठवडाभर जेवण गोड लागलं नाही.

म्हणून मी पुण्याला दोन दिवसांचं दिग्दर्शन शिबिर केलं. तिथल्या दाढीवाल्या मार्गदर्शकांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. "नटाला 'दुःखी हो' असं सांगायचं नाही. दुःखात माणूस हातानं काय करतो, ते सांगायचं. आणि ते कळायला माणसं बघायची. स्टँडवर, बाजारात, जिथं भेटतील तिथं. बघा आणि टिपून ठेवा." हे ऐकून मी दोनशे पानी वही घेतली आणि कामाला लागलो. नाटकाला पंधरा दिवस होते.

पहिली अडचण रजेची. मी अर्जात खरं कारण लिहिलं : 'माणसांचे निरीक्षण करणेकामी तीन दिवस किरकोळ रजा मिळणेबाबत.' आमच्या मुख्याध्यापिका बाई सज्जन आहेत. त्यांनी चष्मा काढून अर्ज वाचला, चष्मा लावून पुन्हा वाचला.

"ताजणे सर, हे कारण कम्प्युटरमध्ये नाही. आजारपण आहे, लग्न आहे, कौटुंबिक आहे आणि इतर आहे."

"इतर टाका."

"इतरला पुरावा जोडावा लागतो."

"निरीक्षणाचा कसला पुरावा?"

"ज्यांचं केलंत त्यांच्या सह्या आणता येतील का?"

शेवटी आम्ही दोघांनी मिळून 'पोटदुखी' ठरवलं. खोटं बोलण्याची शिक्षा मात्र लगेच मिळाली. शेजारच्या मंगलकाकूंपर्यंत ती पोटदुखी माझ्याआधी पोचली, आणि मी वही घेऊन बाहेर पडायच्या आत ओव्याचं पाणी माझ्यासमोर हजर झालं. ते पिऊनच मला कलेच्या सेवेला निघावं लागलं.

बाजारपेठेत एका बंद दुकानाच्या पायरीशी मी उभा राहिलो. माणसं किती हालचाली करतात! एक गृहस्थ भाव ऐकला की कानाची पाळी ओढायचे. एक बाई पैसे देताना उगाच आभाळाकडं बघायची. मी भराभर लिहीत होतो. पंधरावीस मिनिटांनी समोरच्या कापड दुकानदारानं बाहेर उभी केलेली साडी नेसलेली बाहुली कमरेत धरून आत नेली. मी तेही लिहिलं. मग त्याच्या शेजाऱ्यानं छपराची ताडपत्री गुंडाळली. भांडीवाल्यानं पायरीवरचे हंडे आत घेतले. चपलावाल्यानं तर पाटीच उतरवली. अर्ध्या तासात तो बोळ एवढा रुंद झाला, की दोन मोटारसायकली समोरासमोर येऊन कुणी कुणाच्या आईबापाचा उल्लेख न करता निघून गेल्या.

मी म्हटलं, वा, आज सण आहे की काय! तेवढ्यात खुद्द बाळासाहेब घामाघूम होऊन आले. रस्त्यावरच्या पाण्याच्या टाक्या आणि पाइपांची बंडलं त्यांनी स्वतः आत ओढली होती.

"सर, किती फूट जाणार?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय किती फूट?"

"आता आमच्यापासून काय लपवताय? रस्ता रुंदीकरणाचा सर्व्हे तुमच्याकडंच दिलाय ना? शिक्षकांनाच देत्यात असली कामं."

मी खरं काय ते सांगितलं. बाळासाहेबांनी नुसता घाम पुसला, पण मागे जमलेल्या बाकीच्यांचा आवाज चढला. "अहो, ताडपत्री काढताना माझा अंगठा सोलला!" "आमच्या बाहुलीचा हात निखळला हो!" वही बंद करून मी मान खाली घालून चालायला लागलो. मी वळणावर पोचेपर्यंत दुकानं पुन्हा बाहेर आली होती. रागाच्या भरात पहिल्यापेक्षा अर्धा फूट जास्तच आली असतील.

घरी आलो तर मंगलकाकू ओट्यावर माझ्या पोटाची वाट बघत बसल्या होत्या. त्यांना सगळं सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, "रडनं बघायचंय व्हय तुमाला? मग बाजारात काय कोथिंबीर रडतीया? दहाव्याला जा की. नदीला रोज एकतरी असतोय."

सल्ला वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरा शर्ट घालून, पांढरी टोपी खिशात टाकून मी कुकडीकाठच्या एका गावी दशक्रियेला गेलो. गाव माझ्या ओळखीचं नव्हतं. मयत तर नव्हताच. घाटावर पाच-सहाशे माणूस, मंडप, खुर्च्या, स्पीकर. आमच्या भागात दशक्रियेला आधी प्रवचन आणि मग श्रद्धांजलीची भाषणं असतात, आणि ज्याला भाषण मिळत नाही त्याचं दुःख मयताच्या घरच्यांपेक्षा मोठं असतं. मी बाजूला खांबापाशी बसलो, टोपी घातली आणि वही उघडली. माझं लक्ष बायकांच्या बाजूला होतं.

एक कडक इस्त्रीचा माणूस शेजारी येऊन वाकला. "नाव घ्या. तालुका उपाध्यक्ष." मला वाटलं ओळख करून देतोय. मी नमस्कार केला. "लिहा ना," तो म्हणाला. त्याचं मन मोडू नये म्हणून लिहिलं. ते बघून दुसरा आला. "आमचं आधी घ्या, सर. आमाला अजून दोन दहावं करायचंत." मग तिसरा, मग एक शिष्टमंडळ. वहीच्या दोन पानांवर अध्यक्ष, माजी अध्यक्ष आणि भावी अध्यक्ष भरले. प्रवचनकार महाराजांनी पुंडलिक वरदा म्हटलं आणि त्याबरोबर स्पीकरवाल्यानं माईक आणून माझ्या हातात दिला.

मी उभा राहिलो. दुसरं काय करणार? सहाशे माणसं माझ्याकडं बघत होती आणि मयताचं नाव मला माहीत नव्हतं. टेबलावर फोटो होता, पण हाराच्या फुलांत चेहरा बुडालेला. वर फक्त टोपी दिसत होती. म्हणजे पुरुष, आणि वयस्कर. आमच्याकडं वयस्कर पुरुषाला आबा म्हटलं की चूक होत नाही, अशी माझी समजूत होती.

"आबांसारखा माणूस पुन्हा होणे नाही," मी गहिवरून म्हणालो. "आबा आज आपल्यात नाहीत..."

माझ्याच आवाजानं मला बळ आलं. "आबा गेले," मी म्हणालो, "पण आबांची जागा..."

कुणीतरी माझी बाही ओढली. "नाना," तो दात ओठ खात कुजबुजला. "गेले ते नाना. आबा त्यांचं थोरलं भाऊ. ते पुढं बसल्यात."

मी पुढं पाहिलं. पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून ऐंशी-पंचाऐंशीचे एक म्हातारबाबा माझ्याकडं बघत होते. त्यांच्या नजरेचं वर्णन मी वहीत केलेलं नाही. तालुका उपाध्यक्षांच्या हातात माईक देऊन मी 'आलोच' म्हणालो आणि थेट एसटीत येऊन बसलो. रडणारं एकही माणूस मी त्या दिवशी पाहिलं नाही. सगळा वेळ नावं लिहिण्यात गेला.

पण आबा हे माझी बायको शीला हिच्या चुलत बहिणीचे सासरे निघाले. मी दारात पाऊल टाकलं तेव्हा फोन येऊन गेला होता.

"जिवंत माणसाला श्रद्धांजली!" शीला म्हणाली. ती रागावली की आवाज चढवत नाही, उतरवते. त्यामुळं शेजारच्या काकूंना भिंतीजवळ यावं लागतं. "माझ्या माहेरच्यांना मी आता काय तोंड दाखवू?"

"मला फक्त रडणं बघायचं होतं."

"मग आरशात बघा."

सकाळी मी पुन्हा वही घेतलेली तिनं बघितली आणि तिचा बांध फुटला. "जा हो एकदाचे! कुठं जायचं तिथं जा. जिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही तिथं जा!"

रागात असली तरी शीलाचं बोलणं बहुतेक वेळा बरोबर असतं. मी विचार केला. जुन्नरात मला सगळे ओळखतात, त्यामुळं माणसं माझ्यासमोर सरळ वागत नाहीत. जिथं कुणी ओळखत नाही असं गाव हवं. एसटीनं घोडेगावला उतरलो, तर स्टँडवर आहुप्याची गाडी लागलेली होती. भूगोलाचा शिक्षक असून मी आहुप्याला कधी गेलो नव्हतो. चढलो.

डिंभ्याचं धरण मागं टाकून गाडी डोंगरात शिरली आणि दोन-अडीच तासांनी जिथं रस्ता संपतो तिथं थांबली. आहुप्यात पोचलो तर गावात माणूस दिसेना. भाताची झोडणी चालू होती, सगळे खळ्यांवर. बघायला कुणीच नाही म्हटल्यावर मी देवराईच्या कडेनं चालत पुढं कड्यावर गेलो. समोर एकदम जमीन संपते आणि खाली कोकण सुरू होतं. वारा छान होता. नवीन बुटांनी टाचा सोलल्या होत्या, म्हणून बूट काढून शेजारी नीट जोडीनं ठेवले, त्यात मोजे घातले आणि वही उघडली.

आमच्या यंदाच्या नाटकात मुलगा घर सोडून जातो आणि बापाला चिठ्ठी ठेवतो. नाटक मीच लिहिलं आहे. ती चिठ्ठी मला काही पसंत नव्हती. म्हटलं, इथं निवांत आहे, आता ती पुन्हा लिहू. लिहिता लिहिता मी ती मोठ्यानं म्हणूनही बघत होतो. शिबिरात सांगितलं होतं, की भाव आधी दिग्दर्शकाच्या घशात यायला हवा. माझ्या घशात तो चांगलाच आला. "मी आता परत येणार नाही. माझी वाट बघू नका. मी चुकलो, मला माफ करा..." असं मी दोन-तीन चालींवर म्हटलं. वाऱ्यानं डोळ्यांत कचरा गेला होता, तोही पुसत होतो.

मागून खाकरल्याचा आवाज आला. साठीचा एक माणूस, डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा. भारा त्यानं अगदी हळू खाली ठेवला.

"राम राम, पावणं," तो म्हणाला. "कुठलं?"

"जुन्नरचा."

"लई लांबनं आलात." तो माझ्यापासून दोन हातांवर येऊन बसला. माझ्या बुटांकडं त्यानं एकदा बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. "मी भिमाजी. भिमाजी असवले. हितंच ऱ्हातो. च्या घ्याया चला की."

"इथं बरं वाटतंय," मी म्हणालो.

"वाटतंय खरं," तो घाईघाईनं म्हणाला. "पर वारं वंगाळ हाये. च्या गरम आसंल. चला."

मग त्यानं मला जुन्नरच्या कांद्याचा भाव विचारला, मुलं किती ते विचारलं, आणि बोलता बोलता म्हणाला, "मास्तर हाये म्हनता, तर आमच्या नातीचा दाखला काडायचाय. तुमचा नंबर द्या. आन घरचा बी द्या. तुमी नसला, तर..." एवढं बोलून त्यानं जीभ चावली. आदिवासी भागात एका शिक्षकाबद्दल केवढा हा विश्वास, असं वाटून मी दोन्ही नंबर खुशीनं दिले.

घरी त्याची बायको अंबाबाई उंबऱ्यातच उभी होती. भिमाजी तिच्या कानाशी लागला आणि "रेंज बघून येतो" म्हणत टेकाडाकडं निघाला. जातो म्हणाला, पण पळत होता.

अंबाबाईनं मला आत बसवलं, दारापासून सगळ्यांत लांब, आणि स्वतः दारात बसली. कोरा चहा दिला. नाचणीची भाकरी दिली. मी खाऊन हात धुतले तोच तिनं माझ्यासमोर पावट्याच्या शेंगांनी भरलेलं सूप ठेवलं. "एवडं सोला," ती म्हणाली.

पाहुण्याला कामाला लावायची ही पद्धत मला नवीन होती, पण मी सोलायला बसलो. अंबाबाई बोलत राहिली. म्हैस औंदा गाभण राहिली नाही, सून माहेरी गेली ती दिवाळीपासून तिकडंच, कोंबडा नुसता बांग देतो बाकी कामाचा नाही. बोलता बोलता सहज आल्यासारखी सरकून तिनं माझ्या शर्टाचं टोक मुठीत धरलं. वर बघितलं नाही, आवाज बदलला नाही. नुसतं धरून ठेवलं. मला वाटलं, कापड बघत असेल.

"मावशी, परतीची गाडी किती वाजता?"

"येईल की."

"मघाशी हॉर्न वाजला..."

"ती दुसरी," अंबाबाई म्हणाली. आहुप्याला दिवसात किती गाड्या येतात हे मला पुढं कळलं. ती दुसरी नव्हती. "सोला तुमी. मानसाचं आसंच आसतंय, बाबा. घरात भांडनं व्हत्यात. आमी दोगं चाळीस वरसं भांडतोय. मी दोनदा म्हनलं जाते म्हनून. आन मंग म्हनलं, शेंगा कोन सोलंल?"

ही बाई एकदम असं का बोलते आहे, ते मला कळेना. पण शीलाचा सकाळचा आवाज आठवला आणि का कोण जाणे, माझ्या घशात खरंच काहीतरी आलं. त्या वेळी आसपास कड्याबिड्याचं काही नव्हतं. समोर नुसते पावटे होते.

तीनच्या सुमारास गाडीचा आवाज आला. बाळासाहेबांची पांढरी गाडी धुळीतून येऊन अंगणात थांबली. आतून बाळासाहेब उतरले. वृषाली उतरली, जी नाटकात बाळासाहेबांची मुलगी होते आणि एरवी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. सगळ्यांत शेवटी शीला उतरली. तिच्या पायात घरातल्या स्लिपर होत्या, एक निळी आणि एक हिरवी.

मी हातात शेंग धरून बसलो होतो. "तुम्ही इकडं कुठं?" मी विचारलं.

शीला सरळ आत आली. मला वाटलं आता आबांचा विषय निघणार. ती माझ्यासमोर बसली, सूप स्वतःकडं ओढलं आणि भराभर शेंगा सोलायला लागली. "किडका टाकलाय यात," ती म्हणाली. "एवढा मोठा किडा दिसत नाही? चष्मा कशाला आहे? एक काम धड..." बोटं थांबत नव्हती. मग पावट्यांवर टप्प करून एक थेंब पडला. तिनं तो पदरानं पुसला. स्वतःचे डोळे नाही, पावटे पुसले.

दारात वृषाली हसत होती. तोंडावर दोन्ही हात दाबून, खांबाला टेकून हसत होती आणि तिला ते थांबवता येत नव्हतं. आणि बाळासाहेब आत आलेच नाहीत. ते अंगणात गाडीपाशी पाठमोरे उभे होते, आणि हातातल्या किल्लीचं बटण दाबत होते. टीक, गाडी बंद. टीक टीक, उघडी. टीक, बंद. तीन-चार मिनिटं त्यांचं तेवढंच चाललं होतं.

"काय झालंय काय?" मी म्हणालो.

शेवटी टेकाडावरून परतलेल्या भिमाजीनं सांगितलं. मान खाली घालूनच सांगितलं. कड्यावर बूट काढून बसलेला माणूस, हातात लिहिलेला कागद, 'परत येणार नाही, माफ करा' असं रडत म्हणणं. त्यानं टेकाडावरून शीलाला फोन केला होता : "बाई, घाबरू नका. तुमचं मालक हितं कड्यावर बसल्यालं. आता आमच्या घरात आनून बसवलंय. या तुमी." शीलानं तशीच धाव घेत बाळासाहेबांचं दुकान गाठलं होतं. वृषाली तिथं संवाद पाठ करत बसली होती. बाळासाहेबांनी गल्ला उघडा टाकून गाडी काढली होती.

मी वही उघडली. चिठ्ठीच्या वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : 'प्रवेश तिसरा.' ते भिमाजीला दाखवलं. बाळासाहेबांना दाखवलं. शीलाला दाखवायचा धीर झाला नाही, तिनं स्वतःच ओढून घेतली. वाचली, मिटली.

"मी सकाळी म्हटलं होतं ना, कुठं जायचं तिथं जा," ती हळू म्हणाली. "घोडेगावपर्यंत तेवढंच वाक्य माझ्या कानात वाजत होतं."

यावर काय बोलायचं ते दाढीवाल्या मार्गदर्शकांनीही शिकवलेलं नव्हतं. मी म्हणालो, "मी आता तुला विचारल्याशिवाय कुठं जाणार नाही." शीला म्हणाली, "बूट कुठायत?" बूट अजून कड्यावरच होते. ते आणायला मला कुणी एकटं सोडलं नाही. पाचही माणसं बरोबर आली.

अंबाबाईला खरा प्रकार नीट कळला तेव्हा ती पदर तोंडाला लावून इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं. मग उठून तिनं माझ्या पाठीत एक चांगला रट्टा घातला. "लई भ्या दावलंस रं मेल्या!" आयुष्यात इतक्या आनंदानं मी मार खाल्ला नव्हता. बाळासाहेबांनीही येऊन पाठीवर हात ठेवला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि, "घरच्या टाकीत पाणी येतंय का तुमच्या? एकदा येऊन व्हॉल्व बघून जातो," एवढंच म्हणाले.

येताना गाडीत मी पुढं बसलो होतो. घाटात मला राहवेना. "बाळासाहेब, मघाशी अंगणात तुम्ही काय करत होता?"

"कुठं काय? उभा होतो."

"किल्ली दाबत होता. टीक टीक."

"मी?" त्यांचा विश्वासच बसेना. "छे! मला तर नुसतं वाटत होतं, आता आत जाऊन काय बघावं लागतंय. तेवढा धीरच होईना."

दुसऱ्या दिवशी तालमीत मी त्यांच्याच दुकानातलं एक पितळी कुलूप त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, चिठ्ठी वाचून झाली की रडायचं नाही, ओरडायचं नाही, छातीला हात लावायचा नाही. उठायचं, दाराला कुलूप लावायचं आणि लागलं का ते बघायचं. मग काढायचं. पोरगा आला तर दार बंद दिसायला नको. मग पुन्हा लावायचं.

"आणि तोंडावर भाव काय आणू?"

"काही नका आणू. तुम्ही आयुष्यभर कुलपं विकलीत. कुलपाकडं बघा."

नाराजीनंच त्यांनी केलं. कोपऱ्यात बसलेल्या वृषालीला तिचं पुढचं वाक्य आठवेना.

रविवारी दुपारी चारला नाटक झालं. तिसऱ्या प्रवेशात बाळासाहेबांनी चिठ्ठी वाचायला घेतली, तेव्हा मी विंगेतून मागच्या रांगेकडं बघत होतो. तिथं ते सोडावाले गृहस्थ यंदाही होते, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत. बाळासाहेबांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. उठले. दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं. काढलं. लावलं. हॉलमध्ये कुणीतरी खोकला दाबला. कुणाचा तरी मोबाइल वाजला आणि ज्याचा वाजला त्यानं स्वतःहून बंद केला. बाळासाहेबांनी पुन्हा कुलूप काढलं, दार उघडं टाकलं आणि खुर्ची उचलून ते दाराकडं तोंड करून बसले. एवढंच. पडदा पडला. मग टाळ्या सुरू झाल्या.

मला स्टेजवर बोलावलं. माईक हातात आला आणि मला आबा आठवले. "सगळ्यांनी चहा घेऊन जा," एवढं म्हणून मी खाली उतरलो. बाळासाहेब म्हणाले, वाचनालयाच्या इतिहासात इतकं चांगलं भाषण झालं नव्हतं. ऑर्केस्ट्राचं नाव कुणी काढलं नाही.

घरी निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. शीला बरोबर होती. तिला नाटक आवडलं का, हे विचारायचा मी तीनदा प्रयत्न केला. बाजारपेठेच्या मध्यावर ती थांबली आणि मला नीट वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "शर्टाची बटणं खालीवर लागलीत तुमची. दुपारपासून तसेच फिरताय. स्टेजवरसुद्धा तसेच गेलात."

मी तिथंच, भर रस्त्यात, सगळी बटणं काढली आणि पहिल्यापासून लावायला घेतली. कापडवाला गिऱ्हाईक सोडून बघायला लागला. भांडीवाला दारात आला. चपलावाल्यानं तर शेजाऱ्याला हाक मारली. शीला माझी पिशवी धरून शेजारी उभी होती. शेवटचं बटण बरोबर काजात बसलं तेव्हा मी सुटकेचा मोठा श्वास सोडला, आणि आम्ही दोघं घराकडं चालायला लागलो.